उत्तर जुळवलंस, चूक तशीच ठेवलीस

शेवटून तिसऱ्या ओळीत ०.११०५ वजा केलंयस, ते कशासाठी? या एका आकड्याचा मला जाब दे. बाकीचं नंतर बोलू.

खाली मान घालून उभा राहू नकोस. एक्सचा वर्ग, शून्य ते एक, दहा पट्ट्या, ट्रॅपेझॉइडल रूल. फळ्यावर मी उत्तर लिहून दिलं होतं, ०.३३५. तुझा प्रोग्राम दाखवत होता ०.४४५५. तू वहीच्या समासात वजाबाकी केलीस, ती वही माझ्यापुढे उघडी आहे, आणि आलेला फरक ‘करेक्शन’ असं नाव देऊन प्रोग्राममध्ये घुसवलास. स्क्रीनवर ०.३३५ उमटलं. तू हात वर केलास आणि म्हणालास, ‘सर, झालं!’ काय झालं रे? चूक होती तिथेच आहे. तू तिच्यावर पांघरूण घातलंस, एवढंच.

चुकलास म्हणून मी बोलत नाहीये, हे आधी नीट ऐकून घे. पायथन नवीन असताना पोरं चुकतातच. रेंजमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही हे विसरायला होतं. रिटर्नची ओळ चार जागा आत सरकते आणि पहिल्याच पट्टीवर फंक्शन गाशा गुंडाळतं. बेरीज शून्य करणारी ओळ लूपच्या आत पडते, मग दर फेरीला आधीचं सगळं पुसलं जातं. अशा चुकांवर मी पेन्सिलीने गोल करतो आणि पुढे जातो, त्याबद्दल आजवर कुणाला शब्दाने दुखवलेलं नाही. पण उत्तर आधीच ठाऊक असताना तिथवर पोचायला खोटी वाट आखणं, याला मी चूक म्हणत नाही. ही लबाडी आहे, आणि ती तू स्वतःशीच केलीस. पेपरात दोन मार्क मिळतील. ज्या दिवशी उत्तर फळ्यावर लिहिलेलं नसेल त्या दिवशी किती वजा करशील?

बस इथं. खुर्ची ओढ. दहाच्या जागी आठ लिही आणि चालव.

किती आलं? ०.२२५४. आठ पट्ट्यांना यायला हवं ०.३३५९. आता तुझं ते करेक्शन खोड आणि पुन्हा चालव. आलं ना ०.३३५९? म्हणजे आठ पट्ट्यांना तुझा प्रोग्राम मुळात बरोबर होता, तो तुझ्या दुरुस्तीने बिघडवला. दहाला चुकतो आणि आठला चुकत नाही, हा केवढा मोठा धागा हाताशी होता! तू तो ओढला नाहीस, कारण दहाशिवाय दुसरा आकडा घालूनच पाहिला नाहीस. समोर ०.४४५५ दिसलं तेव्हा दुसरा एक आकडा टाकून पाहायला किती वेळ लागला असता? पेन शोधून वजाबाकी करण्यापेक्षा कमीच.

आता परत दहा कर. ते राउंड काढून टाक, चार दशांशांच्या मागे तूच पुरावा लपवून ठेवलायस. लूपच्या आत एक प्रिंट घाल, दर फेरीला एक्स किती झाला ते छापू दे. चालव आणि मोठ्याने वाच. ०.१. ०.२. पुढे? ०.३०००००००००००००००४. इथेच जीभ अडखळली ना, अडखळायलाच हवी. वाचत राहा. ०.७ च्या पुढे ०.८ नाही, ०.७९९९९९९९९९९९९९९९. आणि दहाव्या बेरजेनंतर एक नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९.

तुझा वाईल लूप काय सांगतो? एक्स एकपेक्षा लहान आहे तोवर चालत राहा. यंत्राने तुझं अक्षरशः ऐकलं. केसभर का होईना, एकपेक्षा लहान आहे, म्हणून ते अकराव्यांदा आत गेलं आणि एक ते एक पूर्णांक एक दशांश अशी एक पट्टी, जी आपल्याला नकोच होती, ती मोजून आलं. आता त्या पट्टीचं क्षेत्रफळ वहीत काढ. एका बाजूची उंची १, दुसरीची १.२१, सरासरी १.१०५, गुणिले रुंदी ०.१. किती? ०.११०५. पटली ओळख? तुझ्या चुकीने स्वतःचं नाव, गाव, पत्ता सगळं लिहून दिलं होतं. तू ते वाचायच्या ऐवजी वजा केलंस.

आणि हे असं का होतं, तेही आजच समजून घे, उद्यावर ढकलू नकोस. एकतृतीयांश दशांशात लिहायला गेलास तर तीन-तीन-तीन संपतच नाहीत. यंत्र दोनच्या पायात मोजतं, आणि त्या पायात एकदशांशाची तीच गत होते. ते जवळचा आकडा साठवतं, तो खऱ्या ०.१ पेक्षा किंचित मोठाच असतो. मग दहा वेळा मिळवून बेरीज एकपेक्षा जास्त यायला हवी होती, कमी का आली? कारण दर बेरजेनंतर यंत्र पुन्हा जवळच्या आकड्यावर येतं, कधी वर, कधी खाली. कुठल्या फेरीला काय होईल यावर तुझ्या लूपचं थांबणं सोडून देता येत नाही. एक अष्टमांश मात्र दोनच्या पायात तंतोतंत बसतो, म्हणून आठला गडबड झाली नाही. यात नशिबाचा भाग कुठेही नाही.

‘एवढ्याशा फरकाने काय होतंय’ असं आत्ता तुझ्या तोंडावर आलंय, मला दिसतंय. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा समोरून येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होतं आणि तो ०.१ चोवीस बिटांत छाटून बसवलेला होता. यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. साचत साचत फरक गेला सुमारे ०.३४ सेकंदावर, आणि तेवढ्यात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढे निघून जातं. २८ सैनिक गेले. तुझ्या लूपमध्ये आहे तोच ०.१.

आता दुरुस्ती. पट्ट्या मोजायच्या त्या पूर्णांकाने, शून्यापासून नऊपर्यंत, रेंज लावून. एक्स दरवेळी नव्याने काढायचा, सुरुवात अधिक आय गुणिले रुंदी. मिळवत मिळवत जायचं नाही. दोन ओळींचा बदल आहे. पण या दोन ओळी तुला मी सांगितल्या म्हणून लिहू नकोस, का लिहायच्या ते कळलं असेल तरच लिही.

याच्या आधीची फाईलही मी उघडून पाहिली. तिथे तू एक्सवर टोपी घालून दोन लिहिलं होतंस. कॅल्क्युलेटरवर चालतं म्हणून लिहिलंस, ठीक आहे. पायथनमध्ये घातासाठी दोन स्टार लागतात, टोपीचा अर्थ वेगळा, ती बिटांची क्रिया आहे. एक्स दशांशातला होता म्हणून यंत्राने लगेच हटकलं, लाल अक्षरांत टाइप एरर दाखवला, ओळीचा नंबर सांगितला, कुठली खूण चालत नाही तेही सांगितलं. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? आणि तू काय केलंस? सगळ्याला ट्राय आणि एक्सेप्ट लावून खाली पास लिहिलंस. तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबलंस. मग उत्तर शून्य आलं तेव्हा मित्राच्या वहीतून एक्स गुणिले एक्स उतरवलंस. पूर्णांक असता तर ती हाकही ऐकू आली नसती. तीन टोपी दोनचं उत्तर पायथन निमूट १ देतो आणि पाच टोपी दोनचं ७. म्हणून सांगतो, लाल अक्षरं दिसली की आधी शेवटची ओळ वाचायची, मग वर जात ओळीचा नंबर बघायचा. इंग्रजी अडलं तर शब्द विचार, मी इथेच बसलेला असतो. पण पास लिहून गप्प केलेला प्रोग्राम पुन्हा माझ्यापुढे आणू नकोस.

धरणाच्या सरावाचं तर मला जास्त लागलं. मी आकडे मनाने दिले होते, पण प्रसंग आपल्या घरचा होता. येलदरीतून पाणी सुटतं, खाली सिद्धेश्वरला येतं, पूर्णेकाठची गावं पावसाळ्यात जीव मुठीत धरून बसतात. दर सहा तासांची आवक दिली होती, १००, ३००, ५००, ३००, १०० क्युमेक. दिवसभरात धरणात किती पाणी आलं? तू पट्ट्या बरोबर धरल्यास, पहिला आणि शेवटचा निम्मा केलास, बेरीज बाराशे, गुणिले सहा, आणि लिहिलंस ७२०० घनमीटर. त्याखाली दोन रेघा मारल्यास.

क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. सेकंदाला! तू गुणलंस तासांनी. दिवसभराच्या पुराला तू ७२०० घनमीटर म्हणतोस, आणि पाचशे क्युमेकने एवढं पाणी पंधरा सेकंदांच्या आत येतं. दहा हजार लीटरचे ७२० टँकर झाले हे. अख्ख्या पूर्णेचा एका दिवसाचा पूर टँकरांत मावला आणि तुला काही खटकलं नाही? तीन हजार सहाशेने गुणायचं राहिलं. गुण, दोन कोटी एकोणसाठ लाख वीस हजार, म्हणजे २५.९२ दशलक्ष घनमीटर, दलघमी. पेपरात सिद्धेश्वरच्या साठ्याचे आकडे दलघमीतच छापून येतात. इथे प्रोग्राममध्ये एकही ओळ चुकलेली नाही, यंत्राकडे बोट दाखवायला जागाच नाही. एककं डोक्यात ठेवायची ती आपण. चलाचं नाव नुसतं ‘एच’ ठेवलंस म्हणून हे झालं. ‘तास’ नाहीतर ‘सेकंद’ असं नाव दिलं असतंस तर लिहितानाच हात थबकला असता. पायथन तीनमध्ये देवनागरीत नाव चालतं, ‘रुंदी_सेकंद’ लिही, खुशाल लिही.

आणखी एक. हे आकडे दर सहा तासांचे होते म्हणून रुंदी एकच धरता आली. खऱ्या पुरात तासातासाला नोंद होते, पाणी उतरलं की नोंदी विरळ होतात. तिथे प्रत्येक पट्टीला तिची स्वतःची रुंदी लागते आणि सिम्प्सनचा वन-थर्ड डोळे मिटून लावता येत नाही. तो समान रुंदीच्या आणि सम संख्येच्या पट्ट्या मागतो. पट्ट्या नऊ असताना तू तो लावलास, प्रोग्राम चालला, आकडाही आला. चालला म्हणजे बरोबर, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

तू मला दोनदा सांगितलंयस, दुधाळ्याला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, तिथं काम करायचंय. मला त्याचा आनंद आहे, अभिमानही आहे. आपल्या औंढा तालुक्यात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, केंद्राची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ला, २६०० कोटींचा खर्च मंजूर एप्रिल २०२३ ला. आपल्या जवळा गावच्या पोराने तिथे बसावं असं मला नाही तर कुणाला वाटेल? पण तिथे काय मोजायचंय हे ठाऊक आहे का? १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी जी पहिली लहर टिपली, तिने चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकीच बदलली होती. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या भागात संपला. असा संकेत गोंगाटातून वेगळा काढतात तो कसा? अपेक्षित लहरीचा आकार घ्यायचा, आलेल्या नोंदीशी गुणायचा, जिथे गोंगाट जास्त तिथे वजन कमी द्यायचं आणि सगळ्या वारंवारतांवर त्याचं इंटिग्रेशन करायचं. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली, लहर सापडायच्या चोवीस वर्षं आधी, हे आकार किती आणि कसे निवडायचे यावर काम करून ठेवलं होतं. लायगोतली पुष्कळशी कामं आज पायथनमध्येच चालतात. म्हणजे तू आज ज्या बाकावर बसून पट्ट्या मिळवतोयस, तेच काम.

आणि तिथली माणसं स्वतःला कशी तपासतात ते ऐक. १६ सप्टेंबर २०१० ला लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांच्या नोंदींत एक ठसठशीत संकेत दिसला. ‘बिग डॉग’ नाव पडलं. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने राबले, प्रत्येक पायरी उलटसुलट तपासली, शोधनिबंध छापायला देण्याइतका तयार केला. मार्च २०११ ला सगळ्यांसमोर लिफाफा उघडला तेव्हा कळलं, तो संकेत त्यांच्यातल्याच मोजक्या लोकांनी मुद्दाम आत सोडला होता. आपली रीत खरा संकेत पकडते का, एवढंच पाहायला. सहा महिन्यांची मेहनत वाया गेली असं त्यांना वाटलं नाही. आणि तू दहाचे आठ करायचा कंटाळा केलास.

बाजार समितीत हळदीचं पोतं काट्यावर चढवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे ना ते बघतात, शंका आली तर माहितीचं वजन ठेवून पाहतात. तुझ्या घरचा माल जातो तेव्हा तूच डोळ्यांत तेल घालून उभा असतोस. प्रोग्रामचंही माहितीचं वजन असतं. ज्याचं उत्तर हाताने काढता येतं असं इंटिग्रेशन आधी घालायचं. एक्सच्या वर्गाला चार पट्ट्या धर, उंच्या ०, ०.०६२५, ०.२५, ०.५६२५, १. टोकांची निम्मी बेरीज ०.५, मधली ०.८७५, मिळून १.३७५, गुणिले पाव, ०.३४३७५. एकतृतीयांशापासूनचा फरक ०.०१०४. आठ पट्ट्यांना तोच फरक ०.००२६. रुंदी निम्मी केली, चूक चौथाई झाली. ट्रॅपेझॉइडल रूलची ही खूण आहे. ती दिसली नाही तर उत्तर कितीही सुबक दिसो, कुठेतरी पाणी मुरतंय.

‘संगणक असताना हाताने कशाला?’ असं मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, मी ऐकलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास गोलाचं पृष्ठफळ काढलं ते आवळ्याच्या फाकांसारखे भाग पाडून, ज्या म्हणजे साइनच्या कोष्टकावरून बेरजा करून. नुसतं उत्तर देऊन ते थांबले नाहीत, ते कसं आलं हे भाष्यात मांडून ठेवलं, म्हणून साडेआठशे वर्षांनीही आपल्याला ते पडताळून पाहता येतं. तुझ्या ०.११०५ शेजारी काय लिहिलंयस? काही नाही.

मी आवाज चढवला, मला ठाऊक आहे. तुझ्याकडे डोकं नसतं तर चढवला नसता. नऊ पोरांनी ०.४४५५ आहे तसं लिहून दिलं, त्यांना आकडा चुकलाय हे जाणवलंही नाही. तुला जाणवलं. जाणवल्यावर तू पाठ फिरवलीस, त्याचा मला राग आहे.

करेक्शनची ओळ आत्ता माझ्यासमोर खोड. लूप दुरुस्त कर. उद्या येताना वहीत दोन तक्ते हवेत. पहिला, चार भागिले एक अधिक एक्सचा वर्ग, शून्य ते एक. उत्तर पाय यायला हवं; चार पट्ट्यांना ३.१३१२ येईल, आठला ३.१३९०, पुढे सोळा आणि बत्तीस तू काढ, आणि प्रत्येक ओळीसमोर फरक किती पट कमी झाला ते लिही. दुसरा, चार गुणिले एक वजा एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ, तेही शून्य ते एक. त्याचंही उत्तर पायच आहे, पण चार पट्ट्यांना २.९९५७ येईल आणि आठला ३.०८९८. फरक चौथाई होणार नाही, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येऊन थांबेल. प्रोग्राम तोच असेल, एकही ओळ बदललेली नसेल. तेव्हा हात लावू नकोस त्याला, काही वजा करू नकोस. कागदावर वक्र काढ, एक्स एकजवळ पोचतो तिथे तो कसा उतरतो ते बघ, आणि चूक कुणाची आहे ते मला चार ओळींत लिहून दाखव.